दहापैकी सहा

"आजोबा, दुखणं दहापैकी किती?"

नाना छताकडे बघत पडले होते. खुब्याचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. पलंगाचा कठडा त्यांनी असा आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता. तरीही त्यांनी आधी प्रश्न तपासून घेतला.

"कशाच्या दहापैकी?"

सिस्टरने हातातला टॅब छातीशी धरून समजावलं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही. नानांनी डोळे मिटले. उत्तरपत्रिका वाचून झाल्यावर आकडा टाकण्याआधी ते असेच डोळे मिटत.

"चार," ते म्हणाले. "आणि मी तुमचा आजोबा नाही. गंधे सर म्हणा."

टॅबवर हिरवा ठिपका उमटला. सात किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच ठिपका लाल होई आणि डॉक्टरांच्या फोनवर आपोआप निरोप जाई. त्याखालच्या आकड्यांची दखल कुणी घेत नसे. सिस्टरने ठिपक्याकडे पाहिलं, मग कठड्यावरच्या हाताकडे पाहिलं, आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

तिचं नाव सुवार्ता साळवे. शेवगावची. तिशीची असेल. चालणं झपाझप आणि बोलणं त्याहून झपाझप. नगरच्या त्या नव्या मोठ्या इस्पितळात ती दोन वर्षं कंत्राटावर होती.

"ताई, सर कधी जास्त सांगतात का?"

मी हसले. नानांनी बहुतेक नोकरी राहुरीच्या शाळेत मराठी शिकवण्यात घालवली होती, आणि त्यांच्या गुणांची ख्याती आसपासच्या गावांत होती. गंधे सरांकडून निबंधाला सहा मिळाले की पोरं घरी जाऊन सांगत आणि घरचे पेढे आणत. पैकीच्या पैकी दिले तर पोराला पुढे सरकायला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. नववीत ते मलाही शिकवायला होते. माझ्या निबंधाला त्यांनी पाच दिले आणि घरी येऊन आईला सांगितलं, पोरगी बरं लिहिते. हे सगळं मी सुवार्ताला थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे सरांचे चार म्हणजे लोकांचे आठ," ती म्हणाली.

"जवळजवळ."

"पण मला आठ टाकता येत नाहीत. पेशंट बोलेल तोच आकडा टाकायचा. उद्या कुणी विचारलं तर म्हणतील, साळवेने मनचं टाकलं."

ती परत आत गेली. टॅब तिने स्टुलावर पालथा घातला आणि नानांच्या कानाशी वाकून म्हणाली, "सर, गुण राहू द्या. शब्दांत सांगा."

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच नानांनी मान वळवून कुणाकडे नीट पाहिलं.

"ठणका नाही," ते म्हणाले. "ठणक्याला ठेका असतो, दातासारखा. ही कळ आहे. एका जागी धरून बसलीय. आणि मधूनच एक सणक मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. टाक्यांपाशी चुरचुर आहे, पण ती किरकोळ."

"सणक कधीपासून?"

"पहाटेपासून."

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय विचारलं गेलं ते तिच्या उत्तरावरून कळलं. "हो, टॅबवर चारच आहेत सर. पलंगावर नाहीत." डॉक्टर आले. पाय उशीवर वाकडा राहिला होता आणि पट्टी आवळली गेली होती. ते नीट केलं, औषध बदललं. दुपारच्या जेवणाची ताटं यायच्या आत नानांचा हात कठड्यावरून सुटला होता आणि ते घोरत होते. सुवार्ता मात्र अजून उभीच होती. टॅबवर 'इतर' नावाचा एक चौकोन होता, त्यात ती एका बोटाने सगळं टंकत होती. संध्याकाळी जाग आल्यावर नानांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की सणकमधला ण तिने बाणातलाच घातला ना.

पुढचे दिवस त्या वॉर्डात एकंदरीत मजेत गेले, असं आज म्हणायला हरकत नाही. नानांच्या मनगटावर काळ्या रेघांची एक पट्टी बांधली होती. गोळी द्यायच्या आधी प्रत्येक वेळी त्या पट्टीवर यंत्राचा लाल उजेड पाडायचा, 'टूं' वाजायचं, मग गोळी. पहिल्यांदा वाजलं तेव्हा नानांनी विचारलं, "माझी किंमत किती आली?" शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ एवढे हसले की त्यांचे टाके दुखले. टॅबला नाना पाटी म्हणत. लवकरच अख्खा वॉर्ड पाटी म्हणू लागला. पाटीचं चार्जिंग संपलंय, पाटी कुणी नेली, पाटीत भराल का मावशी.

सुवार्ताला मात्र पाटीचं फारसं हसू येत नसे. एकदा ती नानांची उशी ठीक करता करता मला म्हणाली की पूर्वी पेशंट बघून झाला की लिहायचं असायचं, आता लिहून झालं की पेशंट दिसतो. गोळ्यांची अदलाबदल थांबली, हे तिला मान्य होतं. आधीच्या नोकरीत तिच्या डोळ्यांदेखत एकाची गोळी दुसऱ्याला गेली होती, आणि त्या 'टूं'मुळे इथे तसं होणार नाही, हे ती स्वतःहून सांगे. पण नानांनी बेडपॅन मागितलं की तीच सिस्टर कोपऱ्यात उभी राहून रकाने भरत असायची आणि "आले सर, एवढं सबमिट होऊ दे" म्हणायची. नानांनी 'सबमिट'ला मराठी शब्द काय, यावर तेवढ्यात विचार करून ठेवलेला असे.

पाळी बदलताना आणखी एक प्रश्न असायचा. येणारी सिस्टर जाणाऱ्या सिस्टरबद्दल पेशंटला विचारायची. स्वतःबद्दल स्वतःच विचारलं तर पेशंटला भीड पडते, म्हणून अशी पद्धत. नाना आडवे, त्यामुळे पाटी सिस्टरच्याच हातात. शिवाय सगळ्यांना घाई. त्यामुळे तो प्रश्न इतकाच उरला होता:

"सर, साळवे सिस्टरला किती मार्क?"

"सहा."

विचारणाऱ्या सिस्टरचा चेहरा उतरला. ती म्हणाली, काका, दहा दाबू का? नाना म्हणाले, सहा. ती गेल्यावर मला जवळ बोलावून त्यांनी अभिमानाने सांगितलं, "ही साळवे फर्स्ट क्लास मुलगी आहे." बाकीच्या सिस्टरांना त्यांनी पाच आणि साडेचार सांगितले होते. साडेचारची पाटीत सोय नसल्यामुळे त्यांना चार मिळाले.

हे असं चाललं होतं आणि एके सकाळी कटारिया आले.

कटारिया म्हणजे इस्पितळाचे रुग्णानुभव अधिकारी. गळ्यात ओळखपत्र, हातात नानांचीच पाटी, आणि आवाज अतिशय मऊ. त्यांनी नानांची चौकशी केली, जेवण कसं आहे विचारलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि साळवे सिस्टरबद्दल नानांची नेमकी तक्रार काय आहे, ती मोकळेपणाने सांगावी, अशी विनंती केली.

"तक्रार कसली?" नाना म्हणाले.

"आपण त्यांना रोज सहा देताय."

"देतोय. सहा म्हणजे फर्स्ट क्लास."

कटारियांनी पाटी वळवून दाखवली. नऊ आणि दहा हिरवे. सात आणि आठ पिवळे. सहा आणि त्याखालचं सगळं लाल. असमाधानी रुग्ण. नानांमुळे त्या मजल्याचा अख्खा आलेख लाल झाला होता.

 "साठ टक्क्यांना नापास करणारं हे बोर्ड कुठलं?" नानांनी विचारलं.

 हे बाहेरून आलंय सर, सगळीकडे असंच असतं, एवढंच कटारिया म्हणाले. उठताना त्यांनी दिलासा दिल्यासारखं सांगितलं की सुट्टी होताना शेवटचा एकदा प्रश्न येतो आणि तोच कायमचा धरला जातो, आधीचे पुसले जातात. त्यामुळे सरांनी मनात आणलं तर अजून वेळ आहे.

मी सुवार्ताला जिन्यापाशी गाठलं. ती डबा उघडून उभ्याउभ्याच खात होती. मी विचारलं, या लालने तुमचं काय होतं? आधी तिने उडवून लावलं. मग सांगितलं. बाकीच्या कायम होत्या, त्यांना समज मिळून विषय संपणार होता. तिचा करार त्याच आठवड्यात नूतनीकरणाला जात होता, आणि ज्याच्या नावापुढे लाल त्याचा कागद वर जात नाही, असा तिथला रिवाज होता.

"मग तुम्ही सांगत का नाही? बाकीच्या म्हणतातच की, दहा दाबा."

"म्हणतात. मीही एकदा म्हणून बघितलं, एका काकूंना. दिवसभर मतं मागत फिरल्यासारखं वाटलं. सुई टोचायची आणि वर मत मागायचं." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "सरांना सांगू नका ताई. सांगितल्यावर दिले तर ते त्यांचे राहणार नाहीत, आणि नाही दिले तर मला राग येईल. त्यापेक्षा हे बरं."

मी सांगितलं. त्या संध्याकाळी, चहाचे कप गेल्यावर, सगळं सांगितलं. नाना ऐकत होते आणि त्यांचा चेहरा घट्ट होत होता. बोलून झाल्यावर मला कळलं की मी नको ते दार ठोठावलंय. एकदा संस्थेच्या चिटणिसांच्या मुलाचे गुण वाढवा म्हणून मुख्याध्यापक स्वतः घरी आले होते. नानांनी त्यांना चहा पाजला आणि गुण वाढवले नाहीत. त्या वर्षी त्यांची बदली झाली, आणि आईने तक्रार न करता भांडी बांधली.

"दबावाने वाढलेला गुण हा गुण नसतो," ते म्हणाले.

"नाना, ही परीक्षा नाही."

"मग गुण कशाला विचारतात?"

"तिची नोकरी जाईल."

"ते त्यांचं पाप. मी खोटं लिहायचं?" मग आवाज खाली आणून, जणू स्वतःशीच हिशेब करत: "दोनदा बेडपॅनला उशीर झाला. पाटीत लिहीत होती."

"म्हणजे पाटीची चूक."

"मग पाटीला गुण द्यायला सांगा. मी दोन देतो."

 वाद जिंकल्यावर नाना सहसा वाचायला घेत. त्या दिवशी पुस्तक त्यांच्या पोटावर उपडं पडून राहिलं. त्यांना ती मुलगी जावी असं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. तिला लागलेला ठपका त्यांच्याच हातचा होता, हेही त्यांना दिसत होतं. फक्त त्यातून निघायला जी वाट होती ती त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. सकाळी सुवार्ता वॉकर घेऊन आली आणि त्यांना खिडकीपर्यंत चालवत नेलं. तिथे थांबून नानांनी तिला सरळच विचारलं की कळलंय ते खरं का. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि हो म्हणाली.

"तुम्हाला माझा राग आला असेल."

"आला होता," सुवार्ता म्हणाली. "पण सर, तुमचा नाही. त्या आकड्याचा. तुम्ही मला फर्स्ट क्लास म्हणता ते वॉर्डातल्या मावशींनी ऐकून सांगितलंय मला. ते मी आईला फोन करून सांगितलं. आकडा नाही सांगितला."

 परत येताना नानांनी वॉकर इतका जोरात टेकवला की ती म्हणाली, हळू सर, फरशी नवीन आहे.

दुपारी कागद तयार झाले. नाना व्हीलचेअरवर, धुतलेल्या सदऱ्यात, केस विंचरून. मी पिशव्या भरत होते. सुवार्ता शेजारच्या पलंगापाशी सलाईन बघत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ, आमच्याकडे पाठ करून. कटारिया स्वतः पाटी घेऊन आले.

"सर, शेवटचा एकच प्रश्न. साळवे सिस्टरना किती—"

"इकडे द्या," नाना म्हणाले. "मला बसता येतंय आता."

त्यांनी पाटी मांडीवर घेतली, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागले. मला वाटलं ते नेहमीसारखे डोळे मिटतील. ते मिटले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांच्या कपाळावर ती आठी आली जी मी शाळेत पाहिली होती, फळ्यावर कुणीतरी चुकीचं लिहिल्यावरची.

"शरयू," ते म्हणाले, "इकडे ये. हे वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "आमच्या परिचारिकेच्या सेवेने आपण किती समाधानी आहात?"

"कर्ता कोण?"

मी चाळिशी ओलांडलेली बाई, हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी, आणि वॉर्डातले सगळे बघतायत. "आपण," मी म्हणाले.

"आपण म्हणजे?"

"तुम्ही."

"सेवेने?"

"तृतीया."

"तृतीया. करण. साधन आहे ते." त्यांनी चष्मा काढला. "हा प्रश्न तिच्याबद्दल नाहीच. हा माझ्याबद्दल आहे. आणि मी इतके दिवस प्रश्न न वाचता उत्तर लिहीत होतो."

कटारिया म्हणाले, सर, अर्थ एकच होतो. नानांनी त्यांच्याकडे चुकीचं लिहिणाऱ्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांना नाना शून्य देत. आता ते शून्य त्यांच्याच वाट्याला आलं होतं, आणि चमत्कारिक गोष्ट ही की त्यामुळे ते खूश दिसत होते.

 मला आधी वाटलं की वाट सापडली, आता ते झटकन बोट टेकवतील. पण नाना पळवाट शोधणारे नव्हते. प्रश्न त्यांना विचारला गेला होता आणि ते खरोखरच त्याचं उत्तर शोधत होते. मी किती समाधानी आहे. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि एक कावळा. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पाय पहिल्यासारखा होणार नव्हता. शेजारचे गृहस्थ पुढे वाकून बघत होते. कटारियांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा हात मागे बांधले.

नानांनी तर्जनी उचलली. एका जागी टेकवली.

पाटी हिरवी झाली.

कटारियांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. शेजारच्यांनी जाहीर केलं, दहा दिले, सरांनी दहा दिले. सुवार्ता वळली. ती जवळ आली आणि तिने हिरव्या रंगाकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "माझ्यासाठी असं—"

"तुझ्यासाठी नाहीत," नाना म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला अगं-तुगं केलं, वर्गात करत तसं. "तुझे सहाच आहेत, सुवार्ता. हे माझे."

ती हसायला लागली. मग तोंडावर हात धरून शेजारच्या सलाईनकडे वळली, ज्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिचा कागद वर गेला. पुढे ती कायम झाली, आणि आता त्याच मजल्याची इन्चार्ज आहे. दर शिक्षकदिनाला नानांना तिचा फोन यायचा. बोलण्यात एकदा तरी ती विचारायची, सर, अजून सहाच का? नाना म्हणायचे, प्रगती आहे.

नाना गेल्या मार्गशीर्षात गेले. भेटायला येणारं माणूस पाणी पिऊन झालं की एकच विचारतं, समाधानाने गेले ना? मी हो म्हणते. लोकांना वाटतं, मुलगी आहे, हो म्हणणारच. मी पुढे काही सांगत बसत नाही.

पण त्या दुपारी गाडीत, राहुरीच्या रस्त्यावर, मी त्यांना विचारलं होतं. ते मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते आणि मी पुढून आरशात त्यांना बघत होते. म्हटलं, नाना, खरं सांगा. दहा?

त्यांनी बाहेरच्या उसाकडे पाहिलं.

"अर्धा कापणार होतो," ते म्हणाले. "अर्ध्याची सोय नव्हती."